५५-२५० सोडून जुनी ४०० घ्यावी का? ठाण्याच्या खाडीवरचा माझा निकाल

कॅनन २००डी कॅमेरा आणि त्याच्या खोक्यातूनच आलेली ५५-२५० आयएस एसटीएम झूम लेन्स. खाडीवर पक्षी टिपायला येणाऱ्या कितीतरी जणांच्या गळ्यात हाच जोड असतो. एक-दोन हिवाळे गेले की त्यातल्या बहुतेकांना एकच प्रश्न पडतो: ही लेन्स काढून जुनी, सेकंडहँड ईएफ ४००एमएम एफ/५.६ एल घ्यावी का? मी घेतली. रोहित (फ्लेमिंगो) खाडीत उतरल्यापासून मे महिन्यात परत जाईपर्यंत अख्खा मोसम तीच वापरली, आणि पुढचा पावसाळाही तिच्यासोबत काढला. ज्यांच्या हातात अजून ५५-२५० आहे आणि जे रात्री जुन्या लेन्सच्या जाहिराती चाळत बसतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मी ठाण्यात राहते, नोकरी पोस्टात. रविवार आणि सणासुदीची एखादी सुट्टी सोडली तर कॅमेरा कपाटातून निघत नाही. माझे पक्षी म्हणजे ऐरोलीच्या बाजूचे रोहित, भांडुप पंपिंग स्टेशनच्या वाटेवरचे खंड्या आणि वेडे राघू, उरणला पाणजेकडचे दलदली भोवत्ये, आणि पावसाळ्यात नशीब असेल तर येऊरच्या रानातला नवरंग. ही यादी आधीच देण्याचं कारण असं की माझ्या मते लेन्सचा निकाल पक्षी आणि जागा मिळून लावतात. माझी जागा उघड्या पाण्याची आहे. पक्षी दूर असतो, उजेड भरपूर असतो, आणि तो बहुतेक वेळा उडत असतो.

आधी एक गैरसमज. जुनी लेन्स कॅननच्या महागड्या एल मालिकेतली, लाल पट्टीची, म्हणजे ती जास्त उजेड घेणार आणि सकाळच्या अंधुक वेळी आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) खाली आणता येणार, असं बरेच जण धरून चालतात. तसं काही होत नाही. ५५-२५० पूर्ण लांब केली की तिचं सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर एफ/५.६. ४०० चंही एफ/५.६. एकाच सकाळी, एकाच फांदीवर दोन्ही लावा. शटर आणि आयएसओ तेच येतील. पैसे मोजून तुम्ही जे घेता ते वेगळंच आहे. २५० ला ५.६ ने भागलं की लेन्सचं उजेड घेणारं तोंड निघतं साधारण ४५ मिमीचं. ४०० ला भागलं की ७१ मिमीचं. म्हणजे त्याच अंतरावरच्या त्याच पक्ष्याकडून ४०० अडीचपट उजेड गोळा करते आणि तो अडीचपट मोठ्या चित्रावर पसरवते. म्हणून एक्स्पोजर सारखं राहतं, पण पक्ष्याच्या अंगावर पिक्सेल अडीचपट पडतात.

हे खंड्यावर मोजून बघा. पांढऱ्या छातीचा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत २८ सेंटिमीटरच्या आसपास. तो २० मीटरवर तारेवर बसलाय. २५० मध्ये आख्ख्या चौकटीची रुंदी तिथे पावणेदोन मीटरच्या थोडी वर, आणि त्यात खंड्याला मिळतात साधारण ९४० पिक्सेल. ४०० मध्ये चौकट १ मीटर १० सेंटिमीटरची, आणि खंड्याला १,५०० पिक्सेल. डोळ्याभोवतीची बारीक पिसं, चोचीवरची चमक, छातीवरच्या पांढऱ्याला लागून असलेल्या तपकिरी पिसांची कड हे सगळं या फरकात येतं.

तरीही याच्या विरुद्ध बाजूचा मुद्दा खरा आहे आणि तो सांगायलाच हवा. २५० चा फोटो कापून ४०० इतका केला की २४ मेगापिक्सेलमधून साडेनऊच्या आसपास उरतात. ए४ आकाराची नीट प्रिंट काढायला तेवढे पुरतात. फोनच्या पडद्याला तर त्याच्या कितीतरी कमी लागतात. आणि ५५-२५० एसटीएम ही वाईट लेन्स अजिबात नाही. २०१३ ची रचना, १२ गटांत १५ काचा, २५० ला अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवूनही चांगली स्वच्छ. वजन ३७५ ग्रॅम. तुमचे फोटो घरच्या ग्रुपवर जात असतील आणि पक्षी दहा-बारा मीटरवर बसत असतील, तर लेन्स बदलायचं काही कारण मला दिसत नाही. ते पैसे प्रवासाला ठेवा.

मग मी का बदलली? पिक्सेल हे अर्धं कारण. मोठं कारण फोकस.

२००डीला फोकसचे ९ बिंदू आहेत आणि त्यातला मधलाच क्रॉस जातीचा, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा धरणारा. उडत्या पक्ष्यासाठी मी तो एकच वापरते. २५० मध्ये ३०-४० मीटरवरून जाणारा सुरय (टर्न) त्या बिंदूपेक्षा लहान दिसतो. बिंदूत पक्षी थोडा आणि मागची तिवरं जास्त, असं झालं की कॅमेऱ्याला जास्त ठसठशीत जे दिसतं ते तो धरतो, आणि घरी येऊन बघावं तर तिवरांचं पान न् पान स्पष्ट, पक्षी पुसट. ४०० मध्ये तोच सुरय बिंदू भरून टाकतो. कॅमेरा तोच, बिंदू तोच, पण आता त्याला धरायला पक्षीच आहे.

दुसरं म्हणजे ४०० ला एक छोटा स्विच आहे: फोकस ३.५ मीटरपासून अनंतापर्यंत शोधायचा की ८.५ मीटरपासून पुढेच. खाडीवर तो ८.५ वर ठेवायचा आणि विसरायचा. पक्षी सुटला तरी लेन्स जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येण्यात वेळ घालवत नाही. ५५-२५० ला असा स्विच नाही. ती भरकटली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरते, आणि तेवढ्यात थवा निघून गेलेला असतो. तिची एसटीएम मोटर व्हिडिओसाठी छान, आवाज नाही, हालचाल मऊ. पण हाताने फोकस करायची रिंगही मोटरमार्फतच चालते, म्हणजे कॅमेरा झोपलेला असेल तर रिंग फिरवून काहीच होत नाही. ४०० ची रिंग थेट काचांना जोडलेली आहे. फोकस तिवरांवर अडकला की ऑटोफोकस बंद न करता, डोळा न हलवता बोटाने रिंग ढकलायची आणि पुन्हा बटण दाबायचं. पाच-सहा रविवारांत ते बोटांत बसतं.

भरती चढायला लागली की चिखलावर चरणारे रोहित काठाकडे सरकतात आणि मग एकदम उठतात. त्या क्षणी पंखाखालचा लाल आणि काळा रंग उघडतो आणि त्यासाठीच सगळी धडपड असते. या उड्डाणांना मी १/२००० सेकंदाचं शटर लावते. आधीच्या लेन्सवर अशा एका मालिकेतले मोजकेच फोटो डोळ्यावर स्पष्ट निघायचे. आता बहुतेक निघतात. पंखाच्या टोकाकडच्या काळ्या पिसांचे कप्पे वेगवेगळे दिसतात. लहान रोहित आणि मोठा रोहित हा फरक चोचीच्या रंगावरून नंतर पडद्यावर सांगता येतो. लहानाची चोच गडद, मोठ्याची फिकट गुलाबी आणि फक्त टोकाला काळी. मला याचा खरोखर आनंद आहे. २०१५ साली ठाणे खाडीचा हा भाग रोहित अभयारण्य झाला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. आमच्या घरापासून ट्रेनने जाऊन, हजारो रोहितांसमोर उभं राहता येतं. त्यांचे फोटो नीट यावेत असं मला मनापासून वाटतं.

आता काय गमावलं ते. आणि यात मी हात आखडणार नाही, कारण गमावलेलं बरंच आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट आयएस. ही लेन्स १९९३ ची. हाताचा कंप थोपवणारी यंत्रणा तेव्हा या लेन्समध्ये बसवली नव्हती आणि पुढेही कधी आली नाही. ५५-२५० ची यंत्रणा साडेतीन स्टॉपची, म्हणजे हातात धरून साधारण अकरापट मंद शटर चालवून घेणारी. उडत्या पक्ष्याला याने फरक पडत नाही. १/२००० ला आयएस असून काही मिळत नाही, आणि ऐरोलीच्या बोटीच्या इंजिनाची थरथरही तेवढ्या वेगात निघून जाते. फरक पडतो झाडीत.

येऊरला पहिले पाऊस पडले की नवरंग जमिनीवर पाला उलटत फिरतो. पक्षी सात-आठ मीटरवर, थोडा वेळ स्थिर, आणि वर झाडांचं छप्पर. ५५-२५० वर मी तिथे १/६० शटर, एफ/५.६, आयएसओ १६०० असा फोटो काढायचे आणि तो चालायचा. ४०० हातात धरून १/६० म्हणजे नुसता रंगांचा फराटा. २००डीच्या छोट्या सेन्सरमुळे ४०० ची चौकट मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरवरच्या ६४० इतकी अरुंद होते, तेव्हा हातात धरायला किमान १/६४० हवं. तेवढं शटर ठेवलं तर त्याच उजेडात आयएसओ जातो १६,००० च्या पुढे. २००डीवर तो फोटो मी ठेवणार नाही. मोनोपॉड घेतला की १/१२५ पर्यंत खाली येता येतं, आयएसओ ३,२०० च्या थोडा वर, आणि दहा फोटोंमधले तीन-चार जमतात. पण ओल्या पायवाटेवर मोनोपॉड रोवून उभं राहायचं आणि नवरंगाने तुमच्यासमोर यायची वाट बघायची, ही वेगळी शिकार झाली. कर्नाळ्याकडे तिबोटी खंड्यासाठी जाणाऱ्यांनी हेच गणित लावावं. पावसाळी रान हेच तुमचं मुख्य ठिकाण असेल तर ही लेन्स घेऊ नका. मी हे पूर्ण विचार करून सांगतेय.

दुसरं नुकसान जवळच्या फोकसचं. ५५-२५० ८५ सेंटिमीटरपर्यंत येते, ४०० साडेतीन मीटरच्या आत येत नाही. आकड्यात सांगायचं तर ५५-२५० ने सर्वांत जवळून चौकटीत ७७ मिमी रुंदीचा भाग भरतो, ४०० ने १८६ मिमीचा. घोडबंदर रस्त्यावर ओवळेकर वाडीचं फुलपाखरू उद्यान आहे, पाऊस ओसरला की तिथे मी दरवर्षी जाते. नीलवंतीसारखं (ब्लू मॉर्मन) मोठं फुलपाखरू ४०० मध्येही झकास येतं, उलट दूर उभं राहिल्याने ते बिचकत नाही आणि मागचा हिरवा रंग लोण्यासारखा मऊ होतो. पण गवतावरची नखाएवढी निळी फुलपाखरं संपली. ती या लेन्सच्या कक्षेतच नाहीत.

झूम गेल्याचं मला वाटलं होतं त्याहून कमी जाणवलं. सुरुवातीला पक्षी चौकटीत सापडत नाही एवढंच. चौकटीचा आडवा कोन पाच अंशांवरून सव्वातीन अंशांवर येतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून, आधी नजर पक्ष्यावर खिळवून मग कॅमेरा डोळ्याला लावायचा, हे जमलं की सापडतो. पूर्ण थव्याचा, मागे ऐरोलीचा पूल घेतलेला फोटो मात्र आता फोनवरच काढावा लागतो.

वजन १,२५० ग्रॅम. कॅमेऱ्यासकट पावणेदोन किलोच्या जवळ. आधीचा जोड सव्वाआठशे ग्रॅमचा होता, म्हणजे दुपटीहून जास्त. तरी ट्रायपॉडची जी कडी लेन्सला आहे तिचा पाय डाव्या तळहातावर टेकवला की तोल छान बसतो, आणि झूम नसल्यामुळे लेन्स लांब-आखूड होत नाही, तोल कायम तोच. उन्हाची टोपी (हूड) आतच बसवलेली आहे, पुढे ओढायची आणि फिरवायची. गर्दीच्या डब्यात २६ सेंटिमीटरची नळी छातीशी धरून उभं राहणं त्रासाचं आहे, म्हणून मी पहाटेची पहिली गाडी धरते. आणि पाऊस: लाल पट्टी बघून ही लेन्स पावसात चालेल असं समजू नका. माउंटपाशी, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडते तिथे, रबराचं वळं नाही. ५५-२५० लाही नव्हतं, पण तिच्यासाठी इतके पैसे गेले नव्हते.

आता विकत घेण्याबद्दल, कारण जुन्या लेन्सच्या बाबतीत लेन्स कोणती यापेक्षा तिचा नेमका कोणता नग हाती येतो हे जास्त महत्त्वाचं.

मी दोन नग बघितले. पहिला फोर्टात बोरा बाजारमधल्या एका दुकानात. बाहेरून नवी कोरी. मागच्या बाजूने टॉर्च मारून पुढून तिरकं बघितलं तर आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. "ताई, किरकोळ आहे, फोटोत दिसत नाही," दुकानदार म्हणाले. आज दिसत नाही हे बरोबर. पण बुरशी काचेवरचा थर खाते, उजेडाकडे तोंड करून फोटो काढला की रंग फिके पडतात, आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत ती वाढतच जाते. साफ करून घेतली तरी थर गेला असेल तर तो परत येत नाही. मी उठले.

दुसरा नग मुलुंडच्या एका काकांकडचा. गुडघे दुखायला लागल्यापासून त्यांचं पक्ष्यांमागे फिरणं बंद झालं होतं. "दोन दिवस घेऊन जा, तुझ्या कॅमेऱ्यावर बघ आणि मग काय ते ठरव," असं म्हणून त्यांनी लेन्स डब्यासकट हातात दिली. मागच्या माउंटच्या आत यूएस अशी दोन अक्षरं आणि पुढे आकडे होते. कॅननच्या त्या काळातल्या लेन्सवर पहिलं अक्षर कारखान्याचं असतं, यू म्हणजे उत्सुनोमिया. दुसरं वर्षाचं, आणि या मालिकेत एस म्हणजे २००४. एवढं वाचता आलं की विकणारा "चार-पाच वर्षांचीच आहे" म्हणाला तरी फसायला होत नाही.

कॅमेऱ्यावर बघणं यासाठी गरजेचं की २००डीमध्ये लेन्सप्रमाणे फोकस जुळवून घ्यायची सोय नाही. कॅननच्याच ८०डीमध्ये आहे. लेन्स आणि कॅमेरा यांचं जमलं नाही, फोकस सतत थोडा पुढे किंवा मागे पडत राहिला, तर आपल्याला तो दुरुस्त करता येत नाही. मी गच्चीवर वर्तमानपत्र तिरकं लावलं, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला, एकदा व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून आणि एकदा मागच्या पडद्यावर लाइव्ह व्ह्यूने फोकस करून तीच ओळ टिपली. दोन्हींत अक्षरं सारखीच कडक आली. मग अ‍ॅपर्चरची पाती नीट उघडमिट होतात का, पात्यांवर तेल आलंय का, मोटर कुठे अडखळते का, कडीचा स्क्रू घट्ट बसतो का, हे बघितलं. मगच ४२ हजार दिले. लेन्सचं वय बघता ते थोडे नाहीत. नवी आता मिळत नाही, आणि पुढे मोटर गेली तर सुटे भाग मिळतील याची खात्री मी कुणाला देणार नाही.

घरी आणल्यावर पहिला खर्च झाकण घट्ट बसणाऱ्या डब्याचा, सिलिका जेलचा आणि छोट्या आर्द्रतामापकाचा. काटा ४० ते ५० च्या दरम्यान ठेवायचा. जेल निळ्याचं गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर सुकवायचं. काकांची लेन्स इतकी वर्षं स्वच्छ राहिली ती याच शिस्तीमुळे.

बाकीचे पर्याय थोडक्यात. ३०० एफ/४ एल आयएस, १९९७ ची, दीड मीटरवर फोकस होते आणि कंप थोपवते. फुलपाखरं आणि पक्षी दोन्ही करणाऱ्यांनी आधी ती बघावी. मला मात्र खाडीवर ३०० अपुरी पडली असती. ढकलून-ओढून झूम करायची जुनी १००-४०० बऱ्याच जणांना आवडते. मी हाताळली, ४०० ला ती माझ्या लेन्सइतकी कडक वाटली नाही. टॅमरॉन आणि सिग्माच्या १५०-६०० निदान दोन किलोच्या आसपास आहेत आणि लांब टोकाला एफ/६.३. तेवढं वजन घेऊन रविवारभर चालणं मला झेपणार नाही. ज्यांच्याकडे कॅननचा नवा, आरएफ माउंटचा मिररलेस कॅमेरा आहे त्यांना आरएफ १००-४०० मिळते, ६३५ ग्रॅम, आयएससकट. ती ४०० ला एफ/८ आहे, म्हणजे तोंड ५० मिमीचं. उन्हात फार सोयीची, पहाटे कमी पडणारी. उलट माझी ही जुनी लेन्स अ‍ॅडॉप्टरने त्यातल्या आर७ कॅमेऱ्यावर लावली तर कंप थोपवण्याचं काम कॅमेऱ्यातला सेन्सरच करतो, आणि या लेन्सचं सर्वांत मोठं दुखणं बरंचसं कमी होतं. आर१० मध्ये ती सोय नाही, हे घेण्याआधी बघा. लेन्सच्या मागे लावून पोच १.४ पट वाढवणाऱ्या १.४एक्स एक्स्टेंडरचा मोह २००डीवाल्यांनी टाळावा. लेन्स एफ/८ होते आणि व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकस मिळत नाही.

स्वस्त म्हणून दिसणाऱ्या इतर जुन्या लेन्सबद्दल सावध राहा. कॅननची १९८७ पासूनची कुठलीही ईएफ लेन्स आजच्या ईओएस डीएसएलआरवर चालते, हे खरं. पण त्याआधीच्या एफडी लेन्स ईओएसवर सरळ बसत नाहीत; मध्ये काच असलेला अ‍ॅडॉप्टर लावावा लागतो, नाहीतर दूरचा फोकसच मिळत नाही. जुन्या काही सिग्मा लेन्स डिजिटल ईओएसवर अ‍ॅपर्चर लहान केलं की एरर देतात. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० वाल्यांनी आणखी जपायला हवं. या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नाही, त्यामुळे स्क्रूने फोकस होणारी जुनी एएफ किंवा एएफ-डी लेन्स त्यांच्यावर हातानेच फोकस करावी लागते. तिथे जुनी घ्यायची तर एएफ-एस लिहिलेलीच, तिच्यात मोटर असते.

५५-२५० विकायला काढली तर सात-आठ हजार आले असते. ४२ हजारांच्या खर्चात त्याने काही भागत नव्हतं. ती मी भाचीला दिली. ती अकरावीत आहे आणि फुलपाखरांच्या मागे असते. "मावशी, ही परत मागणार नाहीस ना?" असं तिने विचारलं. नाही मागणार. ओवळेकर वाडीला आम्ही दोघी जातो तेव्हा निळी छोटी फुलपाखरं ती टिपते आणि वर झाडावरचं मी.

कुणाला अजून ठरत नसेल तर ओळखीच्या कुणाची तरी ४०० एका सकाळपुरती मागून घ्या आणि भांडुप पंपिंगला जा. डिसेंबर-जानेवारीत, उजाडल्यापासून नऊ वाजेपर्यंत. त्यानंतर चिखलावरून गरम हवा थरथरायला लागते आणि कुठल्याच लेन्सने दूरचा पक्षी स्वच्छ येत नाही, मग चाचणीला अर्थ राहत नाही. एकाच तारेवरचा खंड्या दोन्ही लेन्सने टिपा, एक उडता बगळा दोन्हींनी टिपा, आणि घरी पडद्यावर पूर्ण मोठं करून शेजारी शेजारी ठेवा. निघण्याआधी भरतीची वेळ बघून घ्या. पाणी चढत असताना रोहित काठाच्या जवळ असतात, आणि तेव्हा ५५-२५० लाही पूर्ण संधी मिळते.